अंकुशाची मूठ

अंकुश हे तसं अगदी साधं हत्यार. हात-दीड हात लांब दांडा, टोकाला एक सरळ अणी आणि अणीच्या बुडातून फुटून मागे वळलेला आकडा. अणीनं टोचलं की हत्ती पुढे सरकतो, आकड्यानं ओढलं की थांबतो किंवा वळतो. दोनच इनपुट. हत्तीची कातडी काही ठिकाणी इंचभर जाड असली तरी कानामागे ती पातळ असते, आणि अंकुश लागतो तो तिथेच. सांचीच्या तोरणांवर कोरलेल्या माहुतांच्या हातात जो अंकुश आहे, तो आजच्या माहुतालाही लगेच ओळखू येईल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे स्क्रीनवरचं एक बटण उजवीकडे असावं की डावीकडे, यावरून दर सहा महिन्यांनी नव्यानं भांडणं होतात. दोन हजार वर्षं जवळजवळ तसाच राहिलेला इंटरफेस बघितला की आधी कौतुकच वाटतं.

त्या कौतुकातून मी अंकुश जमवायला लागलो. संग्रह वगैरे म्हणावं असं काही नाही, चार वर्षांत तीन झालेत. पण त्या तिनांसाठी शेकडो अंकुशांचे फोटो पाहून झाले. झोपण्याआधी लोक रील्स बघतात, मी संग्रहालयांच्या वेबसाइट आणि लिलावांचे कॅटलॉग बघायचो. त्या वर्णनांची एक ठरलेली भाषा असते. दक्षिण भारत, सतरावं शतक. पोलाद, कोरीव मकरमुख. लांबी अमुक सेंटिमीटर. आकड्याच्या टोकाला किरकोळ झीज. अशी शंभरेक वर्णनं वाचल्यावर लक्षात आलं की त्यांत हत्ती कुठेच नसतो. आकडा झिजला, पण कशावर घासून झिजला, हे लिहायची पद्धत नाही.

आणि हे अंकुश सुंदर असतात, ही खरी अडचण आहे. ओबडधोबड असते तर प्रश्नच पडला नसता. दक्षिणेकडच्या जुन्या अंकुशांमध्ये आकडा मकराच्या किंवा व्यालाच्या जबड्यातून जिभेसारखा बाहेर येतो, दांड्यावर वेली आणि पोपट असतात, आणि हे सगळं पोलादात कोरलेलं. पोलादात कोरणं म्हणजे लाकडात कोरणं नव्हे. राजस्थानकडे मीनाकारी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातला जयपूरचा एक अंकुश आहे, सोन्यावर मीनाकाम आणि वर हिरे जडवलेले. तो बघताना हे टोचायचं हत्यार आहे हे डोक्यात यायलाच वेळ लागतो.

आता, रोजच्या वापरातल्या वस्तू नटवायची आपल्याकडे रीतच आहे. पुण्यात केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघा. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात, पण कारागिरानं त्यांचा घोडा केलाय, मोर केलाय, माणसांची जोडी केलीय. तिथे मन मोकळं करून हसता येतं, कारण सुपारीला काही वाटत नाही. अंकुशावरचा पोपट त्याच परंपरेतला, बहुधा तशाच हातांनी घडवलेला. फरक एवढाच की अडकित्ता ज्याच्या हातात असतो, त्याच्याच घरातली माणसं त्याचं कौतुक करतात. अंकुशाची नक्षी कोण बघणार होतं?

हत्ती बघणार नव्हता, त्याला फक्त टोक कळतं. माहूत दिवसभर ती मूठ हातात धरायचा, पण ती त्याच्या मालकीची नसायची. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत पीलखाना हे स्वतंत्र खातं होतं. हत्ती सरकारी, साज सरकारी आणि माहूत चाकर. नक्षी होती ती अंबारीत बसलेल्यासाठी आणि रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीसाठी. म्हणजे अंकुश ज्यांना कधी हातात धरावाही लागला नाही आणि ज्यांच्या कानामागे तो कधी लागलाही नाही, त्यांच्यासाठी. आज काचेच्या पेटीसमोर उभा राहून मी मान डोलावतो, तेव्हा मीही त्याच गर्दीत उभा असतो. संग्राहक म्हणजे मिरवणूक संपून गेल्यावरही रस्त्यावर रेंगाळलेला प्रेक्षक.

ही नटवण्याची युक्ती फक्त सोनारांना माहीत होती असं नाही. अबुल फज्लनं 'आईन-ए-अकबरी'त हत्तींच्या साजाची लांबलचक यादी दिली आहे. साखळ्या, घंटा, झुली, चिलखतं, सगळं तपशीलवार. त्यात चरखी नावाची एक चीज आहे. पोकळ बांबूत दारू भरायची, दोन्ही टोकांना वाती, मध्ये आडवी मूठ. पेटवली की गरगर फिरते आणि भयंकर आवाज करते. झुंजणाऱ्या हत्तींसमोर एखाद्या धाडसी माणसानं ती धरली की हत्ती शांत होतात. हा बादशहाचा स्वतःचा शोध, असं अबुल फज्ल अभिमानानं सांगतो. याच यादीत अंकुशही येतो, आणि अकबर त्याला 'गजबाग' म्हणायचा, अशी नोंद आहे. बाग म्हणजे लगाम. मला सगळ्यात जास्त थबकायला लावलं ते मात्र 'अंधियारी'नं. हत्ती बेफाम झाला की त्याच्या डोळ्यांवर सोडायचा हा कापडाचा पडदा. अकबरानं त्याचं नाव बदलून ठेवलं 'उजियाली'. डोळ्यांवर अंधारी बांधायची आणि तिला उजेड म्हणायचं. अकबर क्रूर होता असं मला म्हणायचं नाही. त्याचं हत्तींवर प्रेम होतं, तो स्वतः माजावर आलेल्या हत्तींवर बसायचा. म्हणूनच ते नामांतर मला जास्त बोचतं. ज्याला हत्ती आवडत नाही त्याला नाव बदलायची गरजच पडत नाही.

जुन्या संस्कृत गजशास्त्रातही ही बोच दिसते. 'मातंगलीला' नावाच्या ग्रंथात गोष्ट अशी आहे की हत्ती पूर्वी उडत असत. हिमालयाच्या उत्तरेला एका प्रचंड वडाच्या फांदीवर ते उतरले, फांदी मोडली, आणि दीर्घतपा नावाच्या ऋषीनं त्यांना शाप दिला. उडणं गेलं आणि माणसांचं वाहन होणं नशिबी आलं. याच परंपरेतला पालकाप्य मुनी, ज्याच्या नावावर 'हस्त्यायुर्वेद' आहे (पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ मध्ये छापलेला), हत्तींबरोबर रानात राहणारा. राजानं त्याचे हत्ती पकडून नेले, तेव्हा तो त्यांच्या मागोमाग नगरात आला आणि त्यांच्या जखमा धुवत बसला. हत्ती पकडावा कसा, राखावा कसा, हे सांगणाऱ्या शास्त्राचा मूळपुरुष हा असा माणूस. बैल नांगराला का जुंपावा यासाठी इतकी मोठी गोष्ट कुणी रचल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. हत्तीच्या बाबतीत ती रचावी लागली. हे जे आपण करतोय त्याला काहीतरी कारण द्यायला हवं, असं तेव्हाही कुणाला तरी वाटत असणार.

किपलिंगची एक गोष्ट आहे, 'द किंग्ज अंकस', 'सेकंड जंगल बुक'मधली, १८९५ ची. मोगलीला ओसाड शहराच्या तळघरातल्या खजिन्यात रत्नजडित अंकुश सापडतो. तो त्याला नुसता चकाकतो म्हणून आवडतो. मग बगीरा सांगतो की माणसांनी हे हत्तीच्या डोक्यात खुपसायला बनवलंय, यानं हत्तींचं रक्त चाखलंय. मोगली तो तत्काळ फेकून देतो. मग तो माणसांना सापडतो, आणि एका रात्रीत त्याच्यापायी सहा माणसं मरतात. शेवटी मोगली तो परत तळघरात नेऊन ठेवतो, आणखी माणसं मरू नयेत म्हणून. लहानपणी ही गोष्ट लोभाची म्हणून वाचली होती, आणि आहेच ती लोभाची. पण आता वाचताना दिसतं की गोष्टीनं मध्येच रूळ बदललाय. मोगलीनं अंकुश पहिल्यांदा टाकला तो हत्तीच्या रक्तासाठी. दुसऱ्यांदा टाकला तो माणसांच्या रक्तासाठी. आपल्याला लक्षात राहतो तो दुसरा प्रसंग. हिरे असले की असंच होतं. मग अंकुशाचा प्रश्न हिऱ्यांचा प्रश्न होऊन बसतो.

या सगळ्यावर संग्राहकांचं एक ठरलेलं उत्तर असतं, आणि बरीच वर्षं तेच माझंही होतं. असे नक्षीदार अंकुश मिरवणुकीपुरते असत, ते कधी वापरले जात नसत. बहुतेक वेळा ते खरंही असतं. मीनाकाम केलेल्या सोन्यानं कुणी रोज हत्ती हाकत नाही.

या उत्तरातलं भोक मला दाखवलं त्रिशूरच्या एका सहकाऱ्यानं. त्याच्या घराजवळच्या देवळात हत्ती होता. केरळात अंकुशाला तोट्टी म्हणतात, आणि शिवाय एक लांब काठी असते, वलिय कोल, म्हणजे मोठी काठी. माहुताला चहा प्यायला जायचं असेल तर तो ती काठी हत्तीच्या अंगाला तिरकी टेकवून ठेवतो आणि निघून जातो. बांधलेली नाही, रोवलेली नाही, नुसती टेकवलेली. हत्ती जरा हलला तर काठी पडेल. हत्ती हलत नाही. माहूत परत येईपर्यंत आपल्याच अंगावरची काठी पडू नये म्हणून तो उभा राहतो. लहानपणी आम्हाला याची गंमत वाटायची, असं तो म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

अंकुशाचं काम टोचणं हे नाहीच. टोचणं सुरुवातीला एकदा, नीट, लक्षात राहील असं करून झालेलं असतं. ते खेड्ड्यात होतं, म्हणजे रानातला कळप हाकत आणून लाकडी कोंडवाड्यात बंद करतात तिथे. म्हैसूरकडे काकनकोट्टेचा शेवटचा खेड्डा १९७१ चा, म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणीचा. तिथून पुढे अंकुश फक्त दिसावा लागतो, किंवा असावा लागतो. न वापरलेला मिरवणुकीचा अंकुश निष्पाप असत नाही, तो यशस्वी असतो. दुसऱ्या कुठल्यातरी साध्या, गंजक्या, नक्षी नसलेल्या अंकुशानं केलेल्या कामाचं श्रेय तो दिमाखात मिरवत असतो.

इथे माहुतावर खापर फोडणं फार सोपं आहे, आणि ते मला करायचं नाही. चार टनांचा प्राणी माजावर आला की त्याच्यासमोर जो माणूस उभा असतो, त्याच्याकडे त्या साठ सेंटिमीटर लोखंडाशिवाय काही नसतं. माहूत हत्तीच्या पायाखाली मेल्याच्या बातम्या येतच असतात. अंकुश हा त्याचा विमा आहे, बहुतेक वेळा एकमेव. आणि चांगला माहूत तो फार कमी वापरतो. तो मानेवर बसतो आणि कानामागे पायाच्या अंगठ्यांनी बोलतो. हत्ती, माहूत, मालक, देवस्थान, गर्दी ही सगळी साखळी जिथे हत्तीच्या कातडीला प्रत्यक्ष टेकते, तिथे माहूत असतो. म्हणून रक्त दिसतं ते त्याच्या हातावर. अंबारीतून ते दिसत नाही.

माझा पहिला अंकुश मी घरी आणला, तेव्हा आई म्हणाली, "देवघरात ठेव की. बाप्पाच्या हातात असतो तो." तिच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. खरंच, आपल्यापैकी बहुतेकांनी अंकुश पहिल्यांदा पाहिला तो गणपतीच्या हातात, पाशाबरोबर. हत्ती बघण्याच्या कितीतरी आधी. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं जे वाङ्मयरूप रंगवलंय, त्यात परशू म्हणजे तर्क आणि अंकुश म्हणजे नीतिभेद. भाषेतही तो असाच शिरलाय. मनावर अंकुश, खर्चावर अंकुश, निरंकुश सत्ता. माझ्या शाळेत एकाच वर्गात दोन अंकुश होते, दोघेही कमालीचे गरीब स्वभावाचे. मराठीत अंकुश हा शब्द कधी वाईट अर्थानं येतच नाही. तो नसणं वाईट.

मला या उपमेची गंमत वाटते, कारण ती नेहमी मानेवरून केलेली आहे. मन हा हत्ती आणि मी माहूत. सत्ता हा हत्ती आणि जनता माहूत. ही उपमा वापरताना मीच हत्ती आहे असं कुणालाच वाटत नाही. अपवाद एकच, तो बाप्पा. हत्तीचं डोकं आणि अंकुश स्वतःच्याच हातात. असा तो एकटाच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे ना, स्वतःला स्वतःच आवरावं." तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो, आणि इथे तर ती चुकलेलीही नव्हती. फक्त रानातून धरून आणलेल्या हत्तीच्या हातात कुणी अंकुश देत नाही.

जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला 'वनतारा'त नेलं, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही फोनवर पाहिलंच असेल. हजारो लोक रस्त्यावर आले, पायी मोर्चा निघाला, लोकांनी निषेध म्हणून सिमकार्डं बदलली. माझ्या ओळखीतलेही त्यात होते. ती माणसं ढोंगी नव्हती, त्यांचे अश्रू खरे होते. तीस-पस्तीस वर्षं जी हत्तीण घरच्यासारखी होती, ती गेली. आणि न्यायालयासमोर मांडलेले तिच्या पायांच्या दुखण्याचे अहवालही होते. दोन्ही बाजू एकमेकींना खोटं ठरवत होत्या. मला वाटतं दोन्ही खऱ्या होत्या, आणि तेच अवघड आहे. प्रेम खरं असूनही पाय सडू शकतो. त्याआधी २०१४ मध्ये जोतिबाच्या सुंदर हत्तीला बन्नेरघट्ट्याला हलवलं, तेव्हाही वाद जवळपास हाच होता. तेव्हा मी शाळेत होतो आणि माझं मत ठाम होतं. आता तसं नाही.

मग मी अंकुश का जमवतो? फायद्या-तोट्याचा हिशोब केला तर उत्तर सोपं येतं. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं लोखंड मी विकत घेतल्यानं आज कुठल्याही हत्तीला एकही जादा टोचणी बसत नाही. हा हिशोब मला पटतोही, पण त्यात दोन फटी आहेत. एक म्हणजे जुनं दिसणारं सगळं जुनं नसतं. लोखंड आम्लात बुडवून महिनाभर ओल्या मातीत पुरलं की त्याला दीडशे वर्षांचा गंज चढतो. माझ्या पहिल्या अंकुशाला विक्रेता शंभर वर्षांचा म्हणत होता, मला तो फार तर पन्नास वर्षांचा वाटतो. म्हणजे त्यानं हाकलेला हत्ती कुठेतरी अजून जिवंतही असू शकतो. हत्ती साठ-सत्तर वर्षं सहज जगतात.

दुसरी फट हस्तिदंताची. बऱ्याच उंची अंकुशांची मूठ हस्तिदंताची असते. हत्तीला हाकायचं हत्यार, त्याची मूठ दुसऱ्या हत्तीच्या दाताची. यात काही खटकतंय असं करणाऱ्याला वाटलं नसावं, आणि बघणाऱ्याला तर ते राजेशाही वाटतं. कायद्यानं इथे माझं काम सोपं केलंय. भारतात देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ मध्ये बंद झाला, आफ्रिकेतून आलेल्याचा १९९१ मध्ये. पण विचारणा होतच राहते. दंत आहे म्हणून कुणी सांगत नाही. "हाड आहे साहेब, उंटाचं," असं सांगतात आणि किंमत मात्र दंताची लावतात.

मोडून वितळवून टाकावेत, असं एका मैत्रिणीचं मत आहे. त्यात तिला न्याय दिसतो, मला पुरावा नष्ट करणं दिसतं. तंजावरच्या भोसल्यांचं शस्त्रागार दक्षिणेतल्या पोलादकामाचं भांडार होतं. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे वारसाशिवाय वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि पुढे त्या शस्त्रांतली निवडक मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली. उरलेली मोठ्या प्रमाणावर मोडून भंगार म्हणून विकली. काय ठेवायचं आणि काय मोडायचं हे कुणीतरी उभं राहून निवडलं. निवडणाऱ्याचा डोळा माझ्यासारखाच असणार. मकरमुख असलेलं इकडे, साधं लोखंड तिकडे. म्हणून आज काचेमागे जे दिसतं त्यात नक्षीच नक्षी आहे. रोज सकाळी हातात घेतला जाणारा, घामानं काळा पडलेला, टोक बोथट झालेला अंकुश तिथे क्वचित सापडतो. पुढच्या पिढ्यांना वाटेल, हत्ती मीनाकारीनं चालायचे.

माझ्याकडचे तिन्ही तसेच साधे आहेत. एकाच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय. कुणा माहुताचा हात घसरत असणार, पावसात बहुधा. ते बघायला छान नाहीत. मी त्यांच्या वर्णनाची कार्डं लिहायला घेतलीत. लांबी, धातू, कुठे मिळाला हे झालं, आणि त्याखाली 'कशासाठी वापरला' अशी एक ओळ. ती ओळ लिहिताना दर वेळी 'नियंत्रण' हा शब्द आधी सुचतो. मी तो खोडतो आणि 'टोचण्यासाठी' लिहितो.

गेल्या महिन्यात जुन्या बाजारातल्या एका ओळखीच्या विक्रेत्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. चांदीची मूठ, मोराची मान, आणि मधला पांढरा तुकडा नेहमीसारखा उंटाचा. मी नको म्हटलं. त्यानं फोनच केला. "साहेब, चार वर्षं झाली तुम्ही बघताय. नक्की काय हवंय तुम्हाला?" मी सांगितलं, साधा हवा, बिननक्षीचा, वापरून वापरून आकडा झिजलेला.

"तसले येतात की," तो म्हणाला. "पण ते मी घेत नाही. ते थेट भंगारात जातात, किलोवर."